वाकलेली काठी

डाउनरिगरवर, म्हणजे गळ खोल नेणाऱ्या यंत्रावर, लावलेल्या मासेमारीच्या रॉडचं बहुतेक आयुष्य वाकलेल्या अवस्थेत जातं. पहाटे बोट बंदराच्या तोंडातून बाहेर पडते, वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास आणला जातो, शिशाचा गोळा पाण्यात सुटतो, रॉड होल्डरमध्ये बसतो आणि रीळ फिरवून दोरी इतकी ताणली जाते, की टोक पाण्याकडे झुकून रॉडची कमान होते. मासा लागेपर्यंत ती कमान तशीच राहते. कधी दहा मिनिटं, कधी सबंध सकाळ. कुणी तो हातात धरून बसत नाही. म्हणून दुकानात उचलल्यावर रॉड किती हलका वाटतो, याला मी फारसं महत्त्व देत नाही. तो किती वेळ वाकून राहू शकतो आणि सुटका झाली की किती लांबवर सरळ होतो, हे मला आधी बघायचं असतं.

माझा भाचा नोकरीसाठी कॅलमझूला आला. मिशिगन सरोवराचा पूर्व किनारा तिथून गाडीनं तासाभराच्या आत. मी त्याच किनाऱ्यावर, थोडा उत्तरेला, मस्कीगनला राहतो. दोनदा माझ्याबरोबर बोटीवर आल्यावर त्यानं मित्राच्या भागीदारीत एक जुनी छोटी बोट घेतली आणि मला फोन केला. "मामा, रॉड कुठला घेऊ? दोनशे डॉलरचा घेतला तर आयुष्यभर पुरेल ना?" जास्त पैसे टाकले की वस्तू जास्त टिकते, हा हिशेब एरवी बरोबर असतो. डाउनरिगरच्या बाबतीत तो उलटा आहे. पण हे 'पन्नास डॉलरचा घे' एवढ्या तीन शब्दांत सांगितलं असतं, तर मामा पैसे वाचवायला शिकवतोय असं त्याला वाटलं असतं. मला सांगायचं होतं ते वेगळंच होतं. स्वस्त रॉड इथं तडजोड म्हणून घ्यायचा नसतो. या कामाला तोच योग्य असतो.

ते समजायचं तर आधी पाणी समजायला हवं. या सरोवराची सर्वांत खोल जागा २८१ मीटर आहे आणि पलीकडचा किनारा दिसत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी पोहण्याइतकं उबदार होतं, पण काही मीटर खाली गेलं की तापमान झपकन उतरतं. चिनूक सॅमनला साधारण ११ ते १३ अंशांचं पाणी आवडतं. तो थर आज पंधरा मीटरवर असेल, तर परवा तीस मीटरवर. किनाऱ्याकडून आत वाहणारा वारा एक-दोन दिवस टिकला, की वरचं गरम पाणी लांब ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं. मग काल जे मासे कित्येक किलोमीटर आत होते, ते आज बंदराच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर सापडतात. अशा पाण्यात गळ नुसता खोल गेला तर उपयोग नाही. तो नेमक्या खोलीवर जायला हवा आणि बोट चालू असताना तिथेच टिकायला हवा.

डाउनरिगर हे त्यासाठीचं यंत्र. बोटीच्या कडेला एक चरखी, तिच्यावर पोलादी तार, पुढे आलेला आखूड हात आणि तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळ एक क्लिप असते. रॉडवरून आलेली दोरी, आपल्याकडे जिला तंगूस म्हणतात ती, या क्लिपमध्ये अडकवायची. चमचा किंवा माशीसारखा गळ क्लिपच्या मागे काही मीटर तरंगत येतो. चरखीवरचा आकडा खोली सांगतो. मासा गळाला झोंबला, की हिसक्यानं दोरी क्लिपमधून सुटते. गोळा तारेला लटकत राहतो, आणि मासा नि माणूस यांच्यामध्ये फक्त दोरी, रॉड आणि रीळ उरतं.

हे दिसायला साधं आहे, पण त्यानं काय बदललं ते बघण्यासारखं आहे. त्याआधी या सरोवरांत खोल पाण्यातल्या लेक ट्राउटसाठी लोक तांब्याची तार सोडत असत. तारेच्याच वजनानं गळ खाली जायचा. म्हणजे मासा ओढणारा माणूस माशाबरोबर ते सगळं वजनही ओढायचा, आणि काठी त्या वजनाला पुरेशी ताठ असावी लागायची. डाउनरिगरनं वजन काठीवरून काढून बोटीवर ठेवलं. काठीला खोली गाठायची जबाबदारीच उरली नाही. ती आता मऊ असू शकत होती. किंबहुना मऊच असायला हवी होती.

का, ते क्लिप सुटण्याच्या क्षणी कळतं. रॉडच्या टोकापासून क्लिपपर्यंत दोरी खाली गेलेली असते आणि क्लिपपासून गळापर्यंत मागे. क्लिप सुटली, की हा कोन मोडतो आणि दोरीत एकदम ढील पडते. गळ अजून माशाच्या तोंडात नीट रुतलेला नसतो. त्या ढिलाईत मासा डोकं झटकतो आणि जातो. त्या अर्ध्या सेकंदात माणूस होल्डरपर्यंत पोचत नाही. तिथे काम करतो तो रॉडच. कमान जितकी खोल, तितकं टोक उसळून जास्त वर येतं आणि तितकी ढील गिळतं. ताठ रॉड मुळात थोडाच वाकलेला असतो, त्यामुळे थोडाच सरळ होतो. शिवाय लाटेचा प्रत्येक हेलकावा तो जसाच्या तसा क्लिपवर पोचवतो. ती सारखी उगाच सुटू नये म्हणून घट्ट करावी लागते, आणि घट्ट क्लिप खरा मासा आल्यावर उशिरा सुटते. म्हणून मला या कामासाठी साडेआठ फुटांचा, मध्यम ताकदीचा, टोकापासून मुठीच्या जवळपर्यंत सावकाश वाकत जाणारा रॉड लागतो. ब्रिटिश कोलंबियात पॅसिफिकच्या खाड्यांमध्ये याहून लांब, साडेदहा फुटांचे रॉड डाउनरिगरवर लावतात. तिथली रिळं आणि पद्धत वेगळी, पण खोल कमानीचा हिशेब तोच.

आमच्याकडे सिंधुदुर्गात माणग्याचा बांबू होतो. जवळजवळ भरीव, पोकळी नावालाच. वडील खडपांवर गरवायला जात, तेव्हा त्यांच्या हातात माणग्याची काठी असे. ती तोडून आणल्यावर ते तिचं टोक दगडाखाली दाबून सबंध लांबी वाकवून बघत आणि हात सोडून ती कुठे अडते ते बघत. एखाद्या पेरावर ती अडखळली, की बाजूला ठेवत. खांद्यावर कावड घेणारा माणूस बांबूची निवड याच नजरेनं करतो: प्रत्येक पावलाला तो लवला पाहिजे आणि प्रत्येक पावलाला परत आला पाहिजे, नाहीतर सगळा भार खांद्याच्या हाडावर येतो. दुकानात रॉड घेताना मी आजही तेच करतो. दुकानदाराला विचारून टोक मऊ गालिच्यावर टेकवतो आणि हळूहळू भार देऊन बघतो, वाक कुठे सुरू होतो, कुठे थांबतो. तो वाक एकाच ठिकाणी गोळा होत असेल, तर किंमत वाचायचीही गरज नाही.

आता हा सावकाश वाकण्याचा गुण कुठल्या द्रव्यात आहे? काचतंतूत. आणि इथे भाच्याला सांगायला माझ्याकडे एक खास गोष्ट होती, कारण ती त्याच्याच गावात घडलेली आहे. विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर नावाच्या माणसानं १८९७ मध्ये कॅलमझूला मासेमारीच्या रिळांचा कारखाना काढला. त्या काळी चांगली काठी म्हणजे चीनमधल्या टोंकिन बांबूच्या पट्ट्या तासून, चिकटवून केलेली. दुसऱ्या महायुद्धानं तो बांबू दुर्मीळ केला. त्याच सुमारास आर्थर हॉवाल्ड या रसायनतज्ज्ञाच्या बांबूच्या काठीचं टोक मोडलं आणि त्यानं काचतंतू नि राळ एकत्र करून त्या जागी नवं टोक बनवलं. त्यातून जी पद्धत निघाली ती शेक्सपिअर कंपनीनं घेतली आणि १९४७ मध्ये 'वंडररॉड' बाजारात आणला. पुढे १९७६ मध्ये याच कंपनीचा 'अग्ली स्टिक' आला, काच आणि ग्रॅफाइट यांचं मिश्रण असलेला, टोकाला भरीव काच असलेला. तोवर कंपनीचं बिऱ्हाड दक्षिण कॅरोलायनात गेलं होतं. मिशिगनच्या बोटींवर मात्र तो रॉड आजही दिसतो, आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडतो.

ग्रॅफाइटचे रॉड १९७०च्या दशकात आले आणि हातात धरून मासेमारी करणाऱ्यांसाठी ती मोठी देणगी ठरली. कार्बनचा तंतू काचेच्या साधारण तिप्पट कडक. त्यामुळे रॉड बारीक, हलका करता येतो आणि तळावरच्या माशाची एवढीशी चाहूल बोटांपर्यंत पोचते. त्याची किंमत त्या गुणासाठी असते आणि ती योग्यच आहे. पण ताणाच्या बाबतीत हिशेब फिरतो. काचेचा तंतू तुटण्याआधी आपल्या लांबीच्या सुमारे साडेचार टक्के ताणला जातो, कार्बनचा दीड ते दोन टक्केच. होल्डरमध्ये तासन्‌तास कमान होऊन बसणाऱ्या रॉडला कुठला गुण लागतो, ते या दोन आकड्यांत आहे. त्यात भर बोटीवरच्या रोजच्या धक्क्यांची. शिशाचा गोळा आत घेताना रॉडला लागतो, कुणीतरी जाळं उचलताना कडेवर आपटतं, गाडीच्या दारात टोक सापडतं. कार्बनच्या रॉडला असा बारीक टवका बसला, की तो त्या दिवशी काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात मोठा मासा लागल्यावर त्याच जागी मोडतो. काच असे मार खूप सोसते. दोनशे डॉलरमधले बरेचसे पैसे हलकेपणासाठी असतात, आणि होल्डरला हलकेपणा कळत नाही.

संवेदनशीलता इथे अजिबात लागत नाही असं मात्र नाही. ती डोळ्यांना लागते. लहान मासा गळाला लागला, तर कधी कधी त्याच्या ताकदीनं क्लिप सुटतच नाही. तो मुकाट मागे ओढला जातो आणि बोटीवरच्या कुणाला पत्ता नसतो. त्या माशाचे हाल होतात, आणि त्या गळावर तासभर दुसरं काही येण्याची शक्यता नसते. मऊ टोकाचा रॉड हे दाखवतो. इतर रॉड लाटेच्या लयीत हलत असतात आणि हा एक मध्येच थरथरतो. मी नव्या माणसाला बोटीवर घेतलं, की आधी ही थरथर ओळखायला शिकवतो. मासा ओढणं नंतर.

ताकदीबद्दलही शंका नको. २०२१च्या ऑगस्टमध्ये याच सरोवरावरच्या लडिंगटनसमोर ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढताना, जो चिनूक पकडला गेला, तो पावणेबावीस किलोच्या आसपास होता. १९७८ पासूनचा मिशिगनचा विक्रम त्यानं मोडला. असा मासा बोटीपासून शंभर मीटर दोरी एका दमात काढतो. तेव्हा त्याला थांबवण्याचं काम रिळाच्या ड्रॅगचं, म्हणजे ब्रेकचं, असतं. रॉडनं फक्त झटके पचवायचे. ताठ रॉड झटके परत माशाच्या जबड्यावर फेकतो, भोक मोठं होतं आणि गळ निसटतो.

हे सरोवर आज जसं आहे तसं निसर्गानं दिलेलं नाही, हेही मी भाच्याला सांगितलं, कारण रॉडच्या किमतीशी त्याचा संबंध आहे असं मला मनापासून वाटतं. समुद्रातली लॅम्प्री कालव्यांच्या वाटेनं वर आली आणि १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात पहिल्यांदा आढळली. ती लेक ट्राउटला चिकटून त्याचं रक्त शोषते. विसाएक वर्षांत इथला ट्राउट जवळजवळ संपला. खाणारं कुणी उरलं नाही म्हणून एलवाइफ नावाचा छोटा परका मासा बेसुमार वाढला, आणि १९६७च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे थर किनाऱ्यांवर लागले. राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्याआधीच एक धाडस केलं होतं. पॅसिफिककडून, ऑरेगनमधून कोहो सॅमनची अंडी आणवून वाढवलेली पिल्लं १९६६च्या वसंतात प्लॅट नदीत आणि बेअर क्रीकमध्ये सोडली. पुढच्या वर्षी चिनूक सोडला. कोहोच्या पिल्लांनी सरोवरातले एलवाइफ खाऊन अंग धरलं आणि १९६७च्या शरदात ती परत नद्यांच्या मुखाशी आली, तेव्हा लोक मिळेल ती होडी घेऊन पाण्यात लोटले. त्या सप्टेंबरमध्ये अचानक वादळ झालं आणि सात जण बुडाले. टॅनर यांना मासेमारी लोकांसाठी हवी होती, मोटारीच्या कारखान्यात आठवडाभर राबून शनिवारी पाण्यावर येणाऱ्या माणसासाठी. डाउनरिगर याच सॅमनच्या मागे वाढलं, गॅरेजमध्ये वेल्डिंग करणाऱ्या लोकांच्या हातून सुधारत गेलं. ज्या खेळाचा जन्मच असा, त्यात उतरायला माणसाला हजार डॉलरचे रॉड लागतात अशी समजूत कुणी करून दिली, तर मला ती सहन होत नाही.

आणि इथे एका रॉडवर भागत नाही, हाही मुद्दा आहेच. मिशिगनमध्ये एका माणसाला तीन दोऱ्या लावायची परवानगी आहे. भाचा आणि त्याचा मित्र मिळून सहा. दोनशेचे सहा म्हणजे बाराशे डॉलर, आणि त्यात अजून रीळ नाही.

मग चाळीस-साठ डॉलरच्या रॉडमध्ये बघायचं काय? सगळ्यांत आधी कड्या. स्वस्त रॉडचा जीव बहुधा तिथेच जातो. कडीच्या आत चिनी मातीसारखं गुळगुळीत वलय असतं. ते तडकलं, तर ती फट तंगूस कापते आणि माशासकट सगळं जातं. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. तंतू अडकला तर ती कडी गेली. कड्या जास्त असाव्यात आणि टोकाकडे जवळजवळ बसवलेल्या असाव्यात. ट्रोलिंगचं रीळ रॉडच्या वर बसतं, त्यामुळे कड्या विरळ असल्या की कमानीत दोरी रॉडच्या अंगाला घासते. मग रिळाची बैठक. आटे आणि टोपी धातूची असेल तर उत्तम; निदान रीळ घट्ट बसवल्यावर हलता कामा नये, कारण कंपनानं ते दिवसभर सैल होत राहतं. मूठ फोमची घ्यावी. बुचाची मूठ देखणी, पण होल्डरच्या कडा तिला वर्षभरात कुरतडतात. बुडाची लांबी आपल्याच होल्डरमध्ये घालून बघावी, बोटाखालचा खटका खाचेत बसतो का तेही बघावं. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर जोड करकर न करता बसला पाहिजे. एवढंच. रंग आणि नाव शेवटी.

एक घोटाळा टाळायला हवा. दुकानात शेजारीच डायव्हरचे रॉड असतात. डायव्हर म्हणजे दोरीलाच बांधलेली, पाण्याच्या दाबानं खाली आणि बाजूला जाणारी तबकडी. तिची ओढ सतत आणि दांडगी असते, म्हणून तो रॉड लांब आणि ताठ लागतो. दिसायला दोन्ही भावंडं, पण डाउनरिगरवर तो लावला की वर सांगितलेलं सगळं बिघडतं.

हिवाळ्यात, बंदरं गोठलेली असताना, इथे मासेमारीच्या जुन्या सामानाचे बाजार भरतात. भाच्याला तिथे घेऊन गेलो. एका निवृत्त गृहस्थानं बोट विकली होती आणि त्याचे काचेचे चार रॉड टेबलावर होते, एकाच बनावटीचे, रंग उडालेले, बहुतेक कड्या शाबूत. भाच्याची नजर पलीकडच्या काळ्या चकचकीत ग्रॅफाइटवर होती. मी त्याला चारही रॉड एकेक करून वाकवायला लावले. चौथ्यापर्यंत तो स्वतःच सावकाश वाकवायला लागला होता आणि वाक कुठवर उतरतो ते बघत होता. चारही घेतले. दोनांच्या टोकाच्या कड्या तेवढ्या बदलाव्या लागणार होत्या, ते काम गरम डिंकानं घरी होतं.

परतताना त्यानं विचारलं, "मामा, चारही सारखेच कशाला? वेगवेगळे असते तर अंदाज आला असता." मी सांगितलं, सारखे आहेत म्हणूनच घेतले. सारख्या रॉडवर सारखा भार असेल तर कमानीही सारख्या होतात. एखादी वेगळी दिसली, की गळाला शेवाळ अडकलंय, किंवा छोटा मासा लागलाय, किंवा क्लिप अर्धी सुटलीय, हे सुकाणूवरूनच कळतं. वाचलेले पैसे दोरीची लांबी मोजणाऱ्या रिळांत घाल, ड्रॅग लोण्यासारखा सुटतो का ते दुकानातच ओढून बघ, आणि तंगूस दर वसंतात नवा भर. उरलेले दोन रॉड डायव्हरचे घ्यायचे आहेत. ते जुलै आल्यावर, मासे किती खोल जातात ते बघून ठरवू.